दम निघेना : अडीच वर्षांच्या एका वछेरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या पश्चिमेला, सिंधरोटच्या वाटेवर एक छोटा तबेला आहे. पाच जनावरं, त्यांची निगा राखणारा एक मोतद्दार, त्याच्या हाताखाली एक मुलगा, आणि वाळू टाकून केलेलं २० बाय ४० मीटरचं मैदान. मालक मूळचे दांडिया बाजारातले. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते, ही गोष्ट घरात अजून अभिमानाने सांगितली जाते. मी त्यांना काका म्हणते, इथेही तेच म्हणेन. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि वछेरीचं, म्हणजे या तरुण घोडीचं, नावही बदललं आहे. इथे ती हरणी.

हरणी काठियावाडी. रंग कुमाईत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ), कपाळावर बोराएवढी चांदणी, आणि या जातीची खूण असलेले आत वळलेले कान. सावध झाली की दोन्ही कानांची टोकं एकमेकांना टेकतात. उंची ५४ इंच. स्पर्धांमध्ये साधारण ५८ इंचांपर्यंतचं जनावर पोनी धरतात, त्यामुळे पूर्ण वाढ झाली तरी ती बहुधा पोनीच राहील. काकांनी तिला श्रावणात अमरेली जिल्ह्यातून आणलं, बारा वर्षांच्या मुलीला बसायला म्हणून. सौदा करताना अंगावरचे केसांचे भोवरे तपासले, कान पाहिले, चाल पाहिली. दात पाहिले ते वय ठरवण्यापुरते. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

श्रावणापासून नोव्हेंबरपर्यंत तिचा दिवस ठरलेला होता. २२ तास ठाणावर. खुराक दोन वेळचा मिळून अडीच किलो भिजवलेला चणा आणि जव, वर भरपूर हिरवा रजका, म्हणजे आपली लसूणघास. कडबा नावाला. आणि सकाळी चाळीस मिनिटं मैदानात मोकळं सोडणं. मोकळं सोडणं म्हणजे मोतद्दार मध्ये लांब चाबूक घेऊन उभा आणि मुलगा एका टोकाला रिकामा पत्र्याचा डबा वाजवत. घामाने भिजेपर्यंत पळवायचं. वछेरी तेज आहे, दम काढला की वळणावर येईल, असा सगळ्यांचा हिशोब होता.

अडचण

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काकांचा फोन आला. चाळीस मिनिटांचा तास झाला होता. पळवून झाल्यावर तिला धरायला पंचवीस-तीस मिनिटं लागत होती. आणि त्या सकाळी कोपऱ्यात धरायला गेलेल्या मोतद्दाराच्या मांडीला तिची टाप घासून गेली होती. हाड वाचलं, पण मांडी काळीनिळी. "ताई, घोडी बिघडली की आमचं काही चुकतंय?" असं काकांनी विचारलं. चूक आपली असू शकते हे मालकाने स्वतःहून म्हणणं मी क्वचित ऐकलं आहे. हे काम घ्यायला मी लगेच हो म्हटलं त्याचं अर्धं कारण ते.

पहिल्या दिवशी मी काहीच केलं नाही. कुंपणाबाहेर उभी राहून रोजचा प्रकार रोजच्यासारखा करायला सांगितला. जे दिसलं ते असं: दरवाजा उघडताच हरणी सुटली ती थेट चौखूर. शेपूट कमानीसारखी वर, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, बाहेरचा कान कुंपणापलीकडे आणि आतला कान मागे दाबलेला. मोतद्दार एकाच जागी उभं राहून चाबूक फिरवत होता. ती पळत असली तरी चाबूक, थांबू पाहत असली तरी चाबूक. विसाव्या मिनिटाला तिने स्वतःहून वेग उतरवला, मान खाली घेतली आणि दोन पावलं त्याच्याकडे वळवली. नेमक्या त्या क्षणी डबा वाजला. ती पुन्हा सुटली.

मी वहीत ती वेळ लिहून ठेवली. संपूर्ण सकाळीत तिने माणसाकडे यायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तिला हाकलण्यात आलं.

शेवटी ती वायव्येच्या कोपऱ्यात गेली. दोन बाजूंना कुंपण, समोर माणूस. तिने पाठ फिरवली आणि मागचा एक पाय टेकवून हलका ठेवला. ज्याला घोडा माहीत आहे त्याला हे दिसतंच. कोपऱ्यात कोंडलेल्या घोड्याला दोनच गोष्टी करता येतात, पळणं आणि लाथ. पळायची वाट आपणच अडवलेली असते.

धरल्यावर दहा मिनिटांनी मी तिच्या जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवून नाडी मोजली. मिनिटाला ४८. मोठ्या घोड्याची विश्रांतीतली नाडी साधारण २८ ते ४४ असते. म्हणजे तासभर पळून दहा मिनिटांत ती जवळजवळ जागेवर आली होती, कान उभे, पुन्हा निघायला तयार. मी घड्याळ काकांच्या हातात दिलं आणि त्यांनाही मोजायला लावलं. मोतद्दार शेजारीच होता. तो म्हणाला, "बेन, आ थाकी नथी, आ तो हजी शरू थई छे." थकलेली नाही, आत्ता कुठे सुरू झाली आहे. एका वाक्यात त्याने सगळं निदान सांगितलं होतं. तीन महिने रोज पळवून त्यांनी शर्यतीच्या घोड्याला करतात तशी तिची तयारी करून दिली होती. आणि त्याबरोबर एक धडाही पक्का शिकवला होता: माणूस मैदानात आला की पळायचं.

समोरचे पर्याय

काकांच्या बैठकीत बसून आम्ही चार गोष्टी तोलल्या.

व्यायाम आणखी वाढवायचा, ही मोतद्दाराच्या हाताखालच्या मुलाची सूचना. नाडी मोजल्यावर तिचा विचार करायला कोणी तयार नव्हतं. शिवाय वाढत्या वयातल्या सांध्यांचा प्रश्न होता. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरची वाढीची पट्टी साधारण दोन-अडीच वर्षांत बंद होते, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू असते. मऊ वाळूत कोपरे कापत तासभर धावणं हे त्या पायांना महागात पडणार होतं.

दुसरा पर्याय तिला सौराष्ट्रात परत पाठवून तिकडच्या एका माणसाकडून "सरळ" करून आणायचा. पाय बांधून, जमिनीवर पाडून, लगाम ओढून. काकांना हे नको होतं, पण महिन्याभरात काम होतं असं त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांना इतकंच विचारलं, की त्यानंतर मुलीला तिच्याजवळ एकटं सोडाल का? ते बराच वेळ गप्प बसले.

विकणं हा तिसरा. ते शक्य होतं, चुकीचंही नव्हतं. घरात बारा वर्षांची मुलगी आणि दारात लाथ मारणारं जनावर असेल तर विकण्याचा विचार करणारा बाप मला बेजबाबदार वाटत नाही. पण लाथ मारते हे सांगून विकलं तर ती कुठे जाईल, हे दोघांनाही कळत होतं.

चौथा माझा: तपासणी करून घ्यायची, खुराक बदलायचा, दिवसातले काही तास सोबतीने मोकळं ठेवायचं आणि मैदानातलं काम पहिल्यापासून वेगळ्या पद्धतीने सुरू करायचं. मुदत मार्चअखेर. एक अट मी घातली की तोवर कोणी तिच्या पाठीवर बसणार नाही. आणि मार्चनंतरही मुलीला वर्षभर तरी थांबावं लागेल. काकांना हे जड गेलं. मुलीला त्याहून जड.

आधी तपासणी हवी होती

हा भाग मी चुकवला, म्हणून सविस्तर लिहिते.

तपासणी पहिली, असं मीच म्हटलं होतं. पण डॉक्टरांना यायला नऊ दिवस लागणार होते आणि मला धीर नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी मोहोरकी (डोक्याला आणि नाकावरून बांधायची पट्टी) आणि साडेतीन मीटरची सुती दोरी घेऊन काम सुरू केलं. चालणं बरं होतं. पण थांबवायला दोरीचा हलका ताण दिला की हरणी मान झटकायची, वर फेकायची आणि डाव्या बाजूला तर अंग चोरून बाहेर पडायची. मी याला हट्ट समजले. ताण सोडायचा नाही, मान उतरेपर्यंत धरून ठेवायचा, असं नऊ दिवस केलं. झटके कमी व्हायच्या ऐवजी वाढले. चौथ्या दिवसानंतर मोहोरकी बघताच ती ठाणात मागच्या भिंतीला जाऊन उभी राहू लागली. माझं लक्ष तिथेच वेधलं जायला हवं होतं.

डॉक्टरांनी तोंड उघडून बॅटरीचा उजेड टाकला आणि मला वाकून बघायला सांगितलं. घोड्याचे पुढच्या दाढांचे दुधाचे दात अडीच, तीन आणि चार वर्षांच्या सुमारास पडतात. खालून पक्का दात वर येतो आणि दुधाचा दात टोपीसारखा त्याच्यावर बसून राहतो. हरणीची वरच्या डाव्या बाजूची टोपी अर्धी सुटून तिरकी झाली होती आणि तिची कड गालात रुतत होती. गालाच्या आत चण्याएवढी जखम. मोहोरकीची नाकपट्टी नेमकी त्याच जागी बाहेरून गाल दाबत होती. मी दिलेला प्रत्येक ताण त्या जखमेवर जात होता.

त्यांनी त्या बाजूची आणि समोरची, अशा दोन टोप्या चिमट्याने काढल्या. दोन मिनिटांचं काम. ती पिवळट, पोकळ टोपी काकांच्या मुलीने जपून ठेवली आहे. पाच दिवस मी मोहोरकी लावलीच नाही. त्यानंतर नाकपट्टी त्या जागेवरून दोन बोटं सरकवून, आतून कापड शिवून, सैल लावली. मानेचे झटके आठवडाभरात थांबले. डावीकडे अंग चोरणं मात्र राहिलं. ते आता दुखण्याचं नव्हतं, सवयीचं झालं होतं. ती सवय मी लावली होती.

खुराक आणि सोबत

टेपने मापं घेतली. छातीचा घेर १५० सेंटीमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे मागच्या कुल्ल्याच्या, टोकापर्यंत लांबी १३४. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० असं केलं की किलोत अंदाजे वजन येतं. हरणीचं आलं २५४. सुका चारा वजनाच्या दोन टक्के धरला तर रोज पाच किलो. तिला मिळत होता जेमतेम दीड. दहा दिवसांत हळूहळू चणा-जव अर्ध्या किलोवर आणले, रजका पाव केला, ज्वारीचा कडबा आणि सुकं गवत वाढवलं. घाई मुद्दाम केली नाही. खुराक एकदम बदलला की घोड्याचं पोट धरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

शिवाय सकाळी दहा ते दुपारी तीन तिला तबेल्यामागच्या कुंपणाच्या तुकड्यात म्हाताऱ्या घोडीसोबत सोडायला सुरुवात केली. म्हातारीने पहिल्याच दिवशी दोनदा कान मागे करून तिला दूर हटायला शिकवलं. एका कानाच्या हालचालीत तिने जे सांगितलं ते मला दोरीने सांगायला आठवडा लागला असता.

मैदान आणि मोकळं काम

वीस बाय चाळीसचं मैदान बांबू आडवे लावून निम्मं केलं आणि चारही कोपरे तिरपे बांबू बांधून बुजवले. उरलं सुमारे अठरा मीटर रुंदीचं गोलसर कुंपण, कोंडायला कोपराच नाही असं. मी त्याला रिंगण म्हणू लागले. काका वारीला जाऊन आलेले, वाखरीचं रिंगण त्यांनी पाहिलेलं. त्यांनी विचारलं, "तिथे एवढ्या गर्दीत माउलींचा अश्व कसा बुजत नाही?" मी म्हटलं, कोणीतरी त्याला वर्षभर हळूहळू त्याची सवय करतं म्हणून. त्या दिवसापासून काका रोज सकाळी कुंपणाशी येऊन बसू लागले.

मोकळ्या कामाचा गाभा माणसाच्या उभं राहण्यात आहे. घोड्याच्या खोगिराच्या तंगापाशी, म्हणजे पोटाखालून बांधायच्या पट्ट्यापाशी, एक अदृश्य रेघ धरा. त्या रेघेच्या मागे, पुठ्ठ्याकडे माझं अंग वळलं तर घोडा पुढे निघतो. रेघेच्या पुढे, खांद्याच्या समोर मी पाऊल टाकलं तर मंदावतो किंवा वळतो. मी मागे सरकून खांदे सैल सोडले, नजर जमिनीकडे नेली तर त्याला आत यायला जागा होते. चाबूक हातात नव्हता. दोरीची गुंडाळी होती, तीही बहुतेक वेळ मांडीला टेकवून. मागच्या पायांच्या टप्प्यात जायचं नाही, दोन घोड्यांच्या लांबीचं अंतर राखायचं, हा नियम पहिल्या महिन्यात एकदाही मोडला नाही.

पहिल्या सकाळी तिला सोडलं तशी ती सवयीने चौखूर निघाली. मी मध्ये उभी राहून काहीच केलं नाही. सहा फेऱ्या. सातव्या फेरीत तिचा आतला कान माझ्याकडे वळला, क्षणभर. मी एक पाऊल मागे घेतलं. तिने दुडकी धरली. पुन्हा कान, पुन्हा मी एक पाऊल मागे. अकराव्या फेरीत ती थांबली, कुंपणाला समांतर, आणि मान वळवून बघत राहिली. नाकपुड्यांतून लांब फुरफुर. मी पाठ वळवली आणि दरवाजा उघडून बाहेर आले. एकूण नऊ मिनिटं. मोतद्दाराला वाटलं मी कंटाळले. पण त्या क्षणी तिला मिळू शकणारं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे माणसाने दूर जाणं, आणि ते मला ती थांबल्याबद्दल द्यायचं होतं.

इथे निर्णयाचा एक बारीक भाग आहे. थांबल्यावर घोडा ओठ चाटतो, चघळल्यासारखं करतो. पुष्कळ जण याला "आता ऐकलं" असं समजतात आणि तोपर्यंत त्याला पळवत ठेवतात. माझ्या मते ते ताण उतरतानाचं लक्षण आहे, होकार नव्हे. ताण मुळात चढवला नाही तर ते दिसलंही नाही तरी चालतं. मी लक्ष ठेवत होते ते कानावर, मानेच्या उंचीवर आणि शेपटीच्या मुळावर. शेपूट सैल हलली की मी काम थांबवत असे.

सहाव्या दिवशी ती आपण होऊन चार पावलं आत आली. अकराव्या दिवशी नाक माझ्या कोपराला लागलं. मी तिच्या मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या वरच्या उंचवट्यावर खाजवलं. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि तिथे खाजवलं की त्यांची नाडी उतरते. तिचा वरचा ओठ लांब होऊन थरथरू लागला.

दोरीवर रोज दोनदा, बारा-पंधरा मिनिटं: दोन्ही बाजूंनी चालणं, माझ्याबरोबर थांबणं, दोन पावलं मागे, आणि पुठ्ठा बाजूला देणं. पुठ्ठा देणं सगळ्यात मोलाचं, कारण मागचा आतला पाय दुसऱ्या पायापुढून ओलांडताना घोड्याला लाथ मारणंही अवघड जातं आणि सुटणंही. नुसता भार बदलला की लगेच ताण सोडायचा. एका सेकंदाचा उशीर झाला तरी तिला वेगळंच उत्तर बरोबर वाटत असे.

उत्तरायणाचे दिवस

बडोद्यात राहणाऱ्याला जानेवारीचं आकाश सांगायला नको. पतंग डिसेंबरातच दिसू लागतात, आणि १४-१५ तारखेला गच्च्यांवर भोंगे, पिपाण्या, "काइपो छे"चा गलका. मी तीन आठवडे आधी कुंपणाबाहेर लांब दोन पतंग लटकवले, तिची नजर जाईल पण पाय थबकणार नाहीत इतक्या अंतरावर. मग मुलीने एक पतंग हातात धरून हरणीपुढे पुढे चालायचं आणि हरणीने मागून यायचं. आपल्यापासून दूर जाणारी वस्तू घोड्याला कमी भीतीची वाटते, उलट त्याला तिच्यामागे जावंसं वाटतं. आठव्या दिवशी तिने पतंगाचा कागद हुंगून फाडला.

पतंगाची तयारी झाली. मांज्याचा मी विचारच केला नव्हता.

१२ जानेवारीच्या सकाळी ती मोकळी दुडकत होती. एक कटलेला पतंग बांबूंवरून रिंगणात पडला, पाठोपाठ मांजा वाळूवर आडवा. हरणी उसळली, मांज्यातून गेली आणि मागच्या उजव्या पायात फास घेऊन पळत सुटली. पतंग मागे फरफटतोय, ती आणखी पळतेय. माझ्यापुढे तीन गोष्टी होत्या: दरवाजा उघडणं, तिच्यासमोर धावून अडवणं, किंवा गेल्या महिन्याभरात जे केलं तेच करणं. दरवाज्यापलीकडे रस्ता होता. समोर धावलं असतं तर मी डबा वाजवणाऱ्या मुलासारखीच झाले असते. मोतद्दार कुंपणावरून आत उडी मारायच्या बेतात होता. मी हात वर करून त्याला थांबवलं आणि मागे सरले, खांदे सोडले, नजर खाली.

अडीच फेऱ्या. मला त्या फार लांब वाटल्या. तिसऱ्या फेरीत कान वळला, ती दुडकीवर आली आणि थांबून थेट माझ्याकडे तोंड केलं. चारही पाय थरथरत होते. मी खांद्यापासून हात सरकवत पुठ्ठ्यापर्यंत गेले, मागच्या पायाखाली वाकले आणि फास सोडवला. तिने पाय हलवला नाही. नायलॉनचा मांजा होता, ज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. खुराच्या वरच्या मऊ भागावर सुरीने ओढल्यासारखी दोन इंचांची रेघ. जखम मिठाच्या पाण्याने धुतली आणि डॉक्टरांकडून धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, त्यात टाळाटाळ करून चालत नाही.

त्या दुपारी आम्ही चौघं मैदानात रांगेने चाललो आणि वाळू पायाने चाळली. दोन्ही मुठींत मावणार नाही एवढा मांज्याचा गुंता निघाला. तो तिथे किती दिवसांपासून होता कोण जाणे. २० जानेवारीपर्यंत मोकळं काम बंद ठेवलं.

मोतद्दार

माझी दुसरी चूक माणसाच्या बाबतीतली. लाथ खाल्लेल्या माणसाला विश्रांती द्यावी म्हणून सुरुवातीला मी त्याला रिंगणात घेतलंच नाही. मला ते समजुतीचं वाटत होतं. त्याला ते पागेतून काढल्यासारखं वाटत होतं. परिणाम असा की जानेवारीत हरणी माझ्याकडे चालत येई आणि तो दरवाज्यात दिसला की चौखूर उधळे. मी आठवड्याचे पाच दिवस, दिवसातला एक तास. तो चोवीस तास. एकाच माणसाला ओळखणारी वछेरी तबेल्याच्या काय कामाची?

फेब्रुवारीत मी त्याला म्हटलं, "भाई, आता तुम्ही आत, मी बाहेर." पहिले तीन दिवस तो नुसता मध्ये पाटावर बसला, हातात काही नाही. चौथ्या दिवशी तो तोंडातल्या तोंडात "खम्मा, खम्मा" म्हणू लागला, जसं तो रात्री ठाणावर चारा टाकताना म्हणतो. हरणीचे दोन्ही कान त्याच्याकडे गेले. तो आवाज तिला श्रावणापासून ओळखीचा होता, चाऱ्याचा आवाज. मैदानात मात्र त्याने तो कधी वापरला नव्हता, कारण मैदानात चाबूक वापरायचा असतो अशी त्याला शिकवण. त्यानंतर तो माझ्यापेक्षा वेगाने पुढे गेला. आज हरणीला त्या शब्दावर थांबायला मीही शिकवते, आणि शब्द त्याचा आहे.

मार्चअखेर

मोकळी सोडल्यावर हरणी चालते, दुडकते, शब्दावर थांबते, दोन्ही हातांना वळते. धरायला एक मिनिट लागत नाही. डिसेंबरनंतर तिने माणसावर पाय उचललेला नाही. काम पंधरा मिनिटांत संपतं आणि संपताना ती कोरडी असते. काकांची मुलगी तिला दोरीवर फिरवते, खुर उचलून साफ करते, खरारा करते. बसण्यासाठी ती शेजारच्या तबेल्यातल्या एका वयस्क तट्टावर शिकते आहे. हरणीच्या पाठीवर बसायचा विचार पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी, तोही डॉक्टरांनी पाठ आणि पाय पाहिल्यावर.

काही राहिलं आहे. डाव्या बाजूने दोरीला ताण आला की अजून अर्धं पाऊल बाहेर पडते. ट्रॅक्टरची ट्रॉली खडखडत गेली की उधळते, फक्त आता थांबते लवकर. काकांनी मुदत पाळली आणि विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही. मुलीच्या आईला मात्र अजून पूर्ण भरवसा नाही, आणि त्यांनी तो इतक्यात ठेवू नये असं मीच त्यांना सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

तोंड उघडून पाहिल्याशिवाय मी कोणत्याही अडीच ते चार वर्षांच्या जनावराच्या डोक्यावर ताण देणार नाही. डॉक्टरांना नऊ दिवस लागणार असतील तर ते नऊ दिवस फक्त चारा, सोबत आणि रिंगणातलं मोकळं काम. मोहोरकी पाहून ती भिंतीला लागली तो चौथा दिवस मी वहीत लाल शाईने खूण करून ठेवला आहे.

मोतद्दाराला पहिल्या दिवसापासून आत घेईन, नुसतं बसायला का होईना.

डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी जनावर सोडण्याआधी वाळूतून एक फेरी, हातात बांबूला बांधलेला खिळ्यांचा दाताळा. हे काम आता हाताखालचा मुलगा करतो. मार्चमध्येही त्याला अधूनमधून वाळूत दबलेला मांज्याचा तुकडा सापडतो. तो तुकडा तो कुंपणाच्या खांबाला अडकवलेल्या डब्यात टाकतो. हा तोच पत्र्याचा डबा, जो नोव्हेंबरात तिच्यामागे वाजत होता.